राहिलेला बार

शाम्या, तू गेलास त्या सकाळी मला बार ऐकू आला नव्हता.

उत्तरकार्याला लोकांनी तुझ्याबद्दल बोलायचं ते बोलून घेतलं. शामराव कसा दिलदार होता, कुणाच्या अडीनडीला कसा धावला, भजनात पखवाज कसा वाजवायचा. त्यातलं बरंचसं खरं होतं. काही ऐकून तुलाच हसू आलं असतं, कारण तुझा पखवाज आम्ही कसा सोसला ते आमचं आम्हाला ठाऊक. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गोंडाला गहिवरून आलं. गहिवर होताच. पण खरं सांगायचं तर मला त्या वेळी भीतीनं शब्द सुचत नव्हते. तुझ्या सोप्यात दाराच्या मागं खुंटीवर तुझी बंदूक टांगलेली होती, तिच्याखाली निम्मा गाव बसला होता, आणि ती भरलेली आहे की रिकामी हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या सकाळी मी आमच्या विहिरीवर मोटर सुरू करायला आलो होतो. बांधापलीकडं तू तुझ्या खोपीपुढं उभा राहून बार भरत होतास. तुझा गज नळीत वरखाली होताना मला दिसला. हरभरा नुकता उगवून वर आला होता आणि विहिरीतले पारवे रोजच्यासारखे तुझ्या रानावर उतरायच्या बेतात होते. मी मोटर सुरू केली, पाटाला पाणी लावलं, आणि वळून बघतो तर तू बंदूक खांद्याला अडकवून गाडीवाटेनं घराकडं निघाला होतास. मला वाटलं, चुन्याची डबी विसरली असेल. हाकसुद्धा मारली नाही. तू घरी गेलास, बंदूक दाराला टेकवलीस, कट्ट्यावर बसलास, वहिनींकडं पाणी मागितलंस, आणि त्या तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत तू संपला होतास. हे मला नंतर कळलं. पळत आलो तोवर लोक जमले होते, आणि दारात आडवी येते म्हणून कुणीतरी बंदूक उचलून खुंटीला लावून टाकली होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळ. बार भरताना मी बघितलं होतं. उडवताना बघितलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. पण आमची मोटर सुरू झाली की शेजारी ढोल बडवला तरी कळत नाही, हे तूच मला किती वेळा ऐकवलंयस. कदाचित मोटरीच्या आवाजात उडवलाही असशील. पारव्यांवरून ताडावं म्हटलं, तर मोटर लागली की ते तसेही विहिरीतून उठतात. बसलेले उठले ते मोटरीनं की बारानं, हे मी आठवून आठवून थकलो. आठवावं तितकं उलट दिसायला लागायचं. एकदा वाटायचं, धूर बघितला होता. मग वाटायचं, तो वहिनींच्या चुलीचा असेल.

दुसऱ्या कुणाची बंदूक असती तर मी एवढा घाबरलो नसतो. ही ठासणीची. काडतूस नाही, की उघडून बघितलं आणि झालं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंध्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि गजानं ठासायचं. बाहेरून बघणाऱ्याला भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. ज्यानं भरली त्यालाच ठाऊक, आणि ज्यानं भरली तो तर वैकुंठाला गेलेला.

आणि ती काय करू शकते ते मी बघितलंय. तुला आठवत असेल, आपण दोघं बांधावर उभे होतो, दमट हवा होती, तू चाप ओढलास आणि नुसतं खट झालं. तू म्हणालास, "मेला बार." आणि नळी खाली घेतलीस. पुढच्या क्षणी ती आपल्या दोघांच्या पायांमधल्या जमिनीत उडाली. ढेकळाचा तुकडा माझ्या नडगीला असा बसला की मला वाटलं पाय गेला. तू पांढराफटक पडला होतास. मी तर बांधावर बसून नवकार मंत्र म्हणत होतो आणि मधली ओळ आठवत नव्हती. त्या दिवशी तू दोन गोष्टी ठरवल्यास. भरलेली बंदूक घराच्या उंबऱ्याच्या आत न्यायची नाही. दिवसभरात बार उडवायची वेळ आली नाही, तर सांजेला माझ्या विहिरीखालच्या बांधाच्या मातीत तो मोकळा करायचा आणि मगच घरी जायचं. आणि दुसरी, खट झालं आणि बार उडाला नाही, तर तंबाखू मळून होईपर्यंत नळी खाली आणायची नाही. तुझे दोन्ही हात बंदुकीत अडकलेले, म्हणून तंबाखू मळायचं काम माझ्याकडं आलं. जन्मात तंबाखूला हात न लावलेला मी, जैन बस्तीत रोज पूजा करणारा, तुझ्या चंचीतून चिमूट काढून, चुना लावून तळहातावर अंगठ्यानं मळत उभा राहायचो आणि तू नळी बांधाकडं धरून ताठ उभा असायचास. मळून झाली की चिमूट तुझ्या ओठात ठेवायची आणि मग तू श्वास सोडायचास. माझ्या बायकोनं, पद्मानं, एकदा माझ्या हाताचा वास घेतला तेव्हा घरात काय झालं ते मी तुला सांगितलंच आहे.

एवढे नियम पाळणारा माणूस त्या दिवशी बार मोकळा न करता घरी कसा गेला, हा विचार मला छळायचा. छातीत दुखायला लागलं असेल. घर गाठायची घाई झाली असेल. म्हणजे भरलेलीच असणार. मग पुन्हा वाटायचं, नाही, शाम्या मरायला टेकला तरी नियम मोडायचा नाही.

मी कुणाला बोललो नाही, त्याचं कारण तुला पटेल. घरात पैपाहुणे, पोरंठोरं. "भरलेली असेल" एवढा शब्द सुटला असता तर चार जण बघू बघू करत धावले असते आणि पाचव्यानं खाली काढली असती. गप्प बसलेलं बरं, म्हणून रोज तुझ्या घरी जाऊन मी त्या खुंटीखालीच बसायला लागलो. कुणी पाठ टेकायला लागलं की त्याला म्हणायचो, इकडं सरका, तिथं भिंतीला ओल आहे. एकदा तुझ्या साडूच्या गावचे एक पाहुणे आले आणि त्यांनी आपली पिशवी सरळ त्याच खुंटीला अडकवली. पिशवीचा बंद बंदुकीच्या घोड्यावर जाऊन बसला. मी उठलो, हलकेच बंद सोडवला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ते बघतच राहिले. म्हणाले, "पावणं, पिशवी माझी हाय." मी म्हटलं, "व्हय, ठावं हाय. ऱ्हाऊ दे माझ्याकडं." निघेपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही.

वहिनी रोज सकाळी त्या भिंतीखाली केर काढायच्या. केरसुणीची मूठ उंच व्हायची ती पार बंदुकीपर्यंत. मी दारात उभा राहून बघत असायचो. त्यांना वाटायचं, तुझी आठवण काढतोय. आठवणच काढत होतो रे, पण शिव्या घालून.

आणि भीती नुसती कुणाच्या जिवाची नव्हती. आत काय आहे त्याचीही होती. आपलं भांडण त्यातच होतं ना, शाम्या. गावाला वाटायचं, या दोघांचं सख्ख्या भावासारखं जमतं. जमायचंच. पण पारव्यांवरून आपलं कधी जमलं नाही.

ते पारवे आमच्या विहिरीतले. आजोबांनी विहीर बांधली तेव्हापासून दगडांच्या सांदीत राहणारे. माझी आई पाणी गाळून झालं की गाळण्यात उरलेली जिवाणी परत अलगद विहिरीत सोडायची, त्यातला बारका जीवसुद्धा मरू नये म्हणून, आणि जाताना पारव्यांना मूठभर जोंधळे टाकायची. आई गेल्यावर पद्मा टाकते. म्हणजे राहायला आमच्याकडं, नाश्ता आमच्याकडं, आणि जेवायला तुझ्या रानात. तू म्हणायचास, "गोंडा, तुझा धरम माझ्या रानात चरतोय की रं." मी म्हणायचो, परवाना रानडुकरासाठी आहे, पाखरासाठी नाही. तू म्हणायचास, डुक्कर तरी एका कोपऱ्यात धुडगूस घालतंय, तुझी पाखरं सरीसरीनं कोंब खुडत्यात. खोटं नव्हतं. पेरलेलं उगवून दोन पानांवर आलं, की पारवे असे उतरायचे की दुपारपर्यंत रान बोडकं. तुझा बार झाला की माझ्या रानातलेही उठायचे. माझं पीक तुझ्या बंदुकीनं राखलं जायचं आणि वर तुला उपदेश मीच करायचो. हेही तू तोंडावर सांगितलंस एकदा.

तू पाषाणहृदयी होतास असं कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. आमच्या विहिरीतला गाळ काढायला तू स्वतः दोर लावून उतरला होतास. खाली सांदीतली घरटी दिसली, तशी पहार बाजूला ठेवून हातानं दगड काढत बसलास आणि वर मला ओरडून सांगत होतास की पिलं हायत, दोर हळू सोड. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आत जपतोस आणि बाहेर मारतोस. तू म्हणालास, "आत ती घरात हायत. भाईर माझ्या रानात." तुझं गणित तुला स्वच्छ होतं. मला ते कधी सुटलं नाही.

मग तो पारवा विहिरीत पडला. तू उडवलेल्या बाराचा. पंख मोडलेला, पाण्यावर फडफडत गोल गोल फिरत होता. मी बादली सोडली, टोपली सोडली, तो काही त्यात येईना. तूही आलास, दोर शोधायला लागलास, तोवर तो बुडाला. पद्मा कठड्यावर उभी राहून बघत होती. ती पाण्याची कळशी रिकामीच घेऊन घरी गेली. मी तुला म्हणालो, उद्यापासून माझ्या बांधावर पाय ठेवू नकोस. तू काहीच बोलला नाहीस. ते तुझं गप्प राहणं मला अजून टोचतं. तू चार शिव्या दिल्या असत्यास तर आपलं सांजेपर्यंत मिटलं असतं.

त्यानंतर बरेच दिवस आपलं बोलणं नव्हतं. मग एका सकाळी तूच आमच्या दारात आलास. आत आला नाहीस, उंबऱ्याबाहेर उभा राहून पद्माला विचारलंस, "अक्का, जुनी कापडं हायत काय? चिंध्या कराय पायजेत." पद्मानं गाठोडं दिलं. मी म्हटलं, आता आलाच आहेस तर चहा घे. झालं, मिटलं. चिंध्यांचं निमित्त करून आला, असं मी मानलं आणि मनात हसलो. त्यानंतर दरवर्षी पेरणी झाली की तू गाठोडं न्यायला यायचास, आणि दरवर्षी ते मोठं होत गेलं. मी थट्टाही करायचो, बंदूक आहे की गादी भरतोस?

आणि तेव्हापासून तुझा नेमही गेला. बार व्हायचा, पारवे विहिरीतून, रानातून भर्रकन उठायचे, आभाळात दोन वेढे घालायचे. मी विहिरीवरून ओरडायचो, किती पडली, शाम्या? तू बांधावरून हात हलवायचास. "एक न्हाय लेका. डोळं गेलं." रोजचं झालं होतं ते. मी तुला मोतीबिंदू काढून घे म्हणून मागं लागलो. तू बघू, बघू करत राहिलास. मनातून मला बरंच वाटायचं. दोस्ताचे डोळे गेले म्हणून बरं वाटायचं, बघ.

उत्तरकार्य झालं आणि ठाण्यातून निरोप आला, की परवाना ज्याच्या नावावर तो माणूस राहिला नाही, तर बंदूक आणून जमा करा, आणि रिकामी करून आणा. तुझा मुलगा विलास पुण्याला जायच्या घाईत. त्यानं खुंटीवरची बंदूक काढली, पोत्यात गुंडाळली आणि मोटरसायकलला आडवी बांधायला घेतली. गाडी गल्लीत उभी, नळीचं तोंड समोरच्यांच्या दाराकडं, आणि तिथं म्हातारी शेवया वाळत घालत बसलेली. मग मात्र मी तोंड उघडलं. विलासचा हात धरला आणि त्याला सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. वहिनी दारात आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "भावजी, इतकं दिस तुमी म्हणून त्या भिंतीखाली बसत हुतासा व्हय?"

तुला ठाऊक आहे, मी आयुष्यात त्या बंदुकीला बोट लावलं नव्हतं. पण गज टाकून बघायची रीत मी बघितली होती, आणि दुसऱ्या कुणी तीही बघितली नव्हती. विलासला तू जवळ फिरकू दिलं नाहीस. म्हणून मीच. पोतं सोडलं. घोड्याखाली केप तशीच बसलेली होती, तांब्याची, टिकलीएवढी. तिच्यावर ठोका बसला की ठिणगी आत जाते. आणि घोडा तिच्यावर टेकलेला. एक पडणं, एक आपटणं, एवढंच बाकी होतं. ती पिशवी, ती केरसुणी, गल्लीतली ती म्हातारी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी घोडा अंगठ्यानं मागं ओढला, विलासनं नखानं केप काढली. ती मातीत पडली आणि सापडेना. मग गज काढून नळीत सोडला. रिकाम्या नळीत गज टण्णकन वाजतो आणि आत जातो. हा थप्प करून थांबला. चांगला वीतभर बाहेर उभा राहिला.

म्हणजे तू नियम मोडला होतास. मला रडू आलं ते तेव्हा. गावापुढं नाही आलं, ते तुझ्या अंगणात आलं. किती दुखत असेल तुला, की बार मोकळा करायलासुद्धा थांबला नाहीस.

विलास म्हणाला, "काका, नळीत पाणी वतूया की." मी म्हटलं, "तुझा बा सांगायचा, भिजली म्हंजी मेली असं न्हवं. वाळली की परत जागी हुती." मग तो म्हणाला, मी उडवतो, हवेत. त्याच्या डोळ्यांत घाई होती. जुनी नळी, इतके दिवस ठासून बसलेली दारू, फुटली तर तोंडावर फुटणार. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काय, पिकलं पान. पण मरायची भीती पिकल्यानं कमी होते हे ज्यानं सांगितलं तो खोटं बोलला.

बंदूक तुझ्याच बांधावर नेली. जिथं तू सांजेला मोकळी करायचास तिथं, नळीचं तोंड मातीकडं करून बाभळीच्या बुंध्याला घट्ट बांधली. चापाला सुतळी बांधली आणि लांब विहिरीच्या कठड्यामागं येऊन बसलो. विलासनं खोपीतून तुझी केपांची डबी आणली होती, तुझी चंचीही आणली होती. त्यातली नवी केप मीच आधी बसवून आलो होतो. मग मी सुतळी हातात घेतली आणि मला ओढवेना. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस मी. त्या मातीत काय असेल, गांडूळ असेल, एखादी पाल असेल. आणि आत तुझे छर्रे. तुझा राहिलेला बार, तुझ्या वाटणीचं राहिलेलं पाप, आणि ते माझ्या हातानं पुरं व्हायचं. अशी शिक्षा तू ठरवून दिली असतीस तर मला कळली असती. पद्मा घरात बसून जप करत होती. मी डोळे मिटले आणि ओढली.

खट.

दुसरं काही झालं नाही. विलास उठला. मी त्याला खाली ओढलं, त्याच्या सदऱ्याचं बटण तुटून माझ्या हातात आलं. म्हटलं, बस. चंची दे. आणि मी तंबाखू मळायला लागलो. चुना लावला, अंगठा फिरवायला लागलो. नळीकडं बघत, तोंडानं नवकार. या वेळी एकही ओळ विसरलो नाही. विलास माझ्या हाताकडं बघत होता. त्याला काही कळलं नसेल, पण तो हलला नाही. मळून झाली. फुंकर घालून चिमूट उचलली आणि ती ठेवायला तुझा ओठ नव्हता. ती तशीच मुठीत राहिली.

आता कुणीतरी पुढं जाऊन केप बदलायची. कठड्यापासून बाभळीपर्यंतचं ते अंतर मी आयुष्यभर चाललोय, तुझ्याकडं भाकरी खायला, भांडायला, उगाच. त्या दिवशी बाजूबाजूनं गेलो. घोडा मागं घेतला. जुनी केप काढली, नवी बसवली, आणि पळत सुटलो. या वयात पळालो, शाम्या. धोतर सावरत. कठड्यामागं पडलो तसाच सुतळीला हिसका दिला.

बार झाला. बांधावर धूर उभा राहिला आणि विहिरीतून सगळे पारवे एकदम वर उठले, डोक्यावरून गेले, आभाळात वेढा घातला. मी मान वर करून बघत राहिलो. बांधाच्या मातीत उडवलेल्या बारानं पाखरू पडायचं कारण नव्हतं, तरी बघत राहिलो. मग विलास ओरडला, "काका, हिकडं या."

बांधाची माती तशीच होती. पूर्वी तू बार मोकळा केलास की तिथं चाळणीसारखी भोकं पडायची, पाऊस झाला की मातीत छर्रे चमकायचे. आता एक भोक नाही. समोर नुसत्या चिंध्या पडल्या होत्या, कडा जळलेल्या, धुमसत असलेल्या. मी एक उचलली. निळ्या चौकड्यांची. माझ्या सदऱ्याची. दुसरी पद्माच्या जुन्या लुगड्याची, तिसरीही आमच्याच घरातली. छर्रा नव्हता. आम्ही दोघांनी माती उकरून बघितली. नव्हताच.

मी चिंध्या मुठीत धरून वहिनींकडं आलो. विचारलं, छर्ऱ्यांचा डबा कुठं असतो? त्या म्हणाल्या, "कवाचा आड्यावर पडलाय. झाकाण गंजून चिकाटलंय." आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "तुमाला ठावं न्हवतं? त्या हिरीत पडलेल्या पाखरापस्नं त्यांनी छर्रं घातलं न्हाईत. नुसत्या चिंध्या. आवाज हुईस्तवर ठासायचं."

मी तिथंच कट्ट्यावर बसलो. तू जिथं बसला होतास तिथं.

मला सांगायचं होतंस रे. एकदा तरी. इतकी वर्षं मी तुझ्या नेमाची थट्टा केली, तुला मोतीबिंदू चिकटवला, तुझ्या पापाचा हिशेब मनात मांडत राहिलो, आणि तू आमच्याच घरची कापडं ठासून आमचीच पाखरं घाबरवत होतास आणि बांधावरून डोळं गेलं म्हणून ओरडत होतास. का सांगितलं नाहीस, ते मला कळतंय. सांगितलं असतंस तर मी जिंकल्याच्या आनंदात गावभर केलं असतं. बस्तीत सांगितलं असतं. मग तुझ्या बंदुकीला पाखरं भ्याली असती, पण गाव हसलं असतं. तुला मी चांगला ओळखतो असं मला वाटायचं. तू मला जास्त ओळखत होतास.

बंदूक ठाण्यात जमा झाली. विलास पुण्याला गेला. भीती गेली असं म्हणवत नाही. सकाळी मोटर सुरू करण्याआधी मी अजून थांबतो, कान तुझ्या रानाकडं लावून. काही येत नाही. मग जास्तच भ्यायल्यासारखं होतं, आणि मी घाईनं मोटर लावतो.

तुझ्या हरभऱ्याची मात्र दैना व्हायला लागली. बार नाही म्हटल्यावर आमचे पारवे सोकावले. वहिनी एकट्या, रान राखणार कोण? म्हणून आता मी जातो. तुझ्या बांधावर उभा राहतो, तेलाचा पत्र्याचा डबा काठीनं बडवतो आणि तुझ्यासारखं हाड हाड करत ओरडतो. पाखरं माझी असून मला जुमानत नाहीत. दोन पावलं उडून पुन्हा बसतात. पद्मा सकाळी त्यांना जोंधळे टाकते आणि मी दुपारपर्यंत त्यांना हाकलतो, बघ काय दिवस आणलास.

काल वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन रानात आल्या. उन्हानं डोळे बारीक करून रानाकडं बघत उभ्या राहिल्या. मग तोंडावर पदर धरून, बऱ्याच दिवसांनी जरा हसून त्यांनी विचारलं, "भावजी, किती पडली?"

मी डबा खाली ठेवला. म्हटलं, "एक न्हाय, वहिनी. डोळं गेलं."